आता वीज दिवसा येते

नाना,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. बाकीचं नंतर.

१. आपल्या गावच्या गायरानावर सौर केंद्र उभं राहिलं. शिवारातल्या शेतीपंपांना आता तिथली वीज मिळते, दिवसा.
२. ते उभारणाऱ्या कंपनीत मी नोकरीला आहे. हे काम मी मागून घेतलं.
३. पहिल्या सकाळी वीज सोडली आणि लाइन लगेच बंद पडली. पुन्हा सोडली, पुन्हा पडली.
४. कारण ऑटो.
५. तुम्ही बसवलेला ऑटो काढायला आईने नकार दिला.
६. तो आता काढलेला आहे. लाइन टिकली आहे.

ऑटो म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. स्टार्टरच्या बाजूची ती पेटी, वीज आली की माणूस नसतानाही मोटार सुरू करणारी. तुम्ही ती जळगावहून आणलीत तेव्हा मी सातवीत होते. पिशवीतून काढून तुम्ही ती ताटाशेजारी ठेवलीत, आणि आई म्हणाली, "जेवताना तरी ते लोखंड खाली ठेवा." तुम्ही हसलात आणि सावकाश जेवलात. मला आठवतं ते हेच, सावकाश जेवणं. एरवी विजेच्या रात्रपाळीच्या आठवड्यात तुम्ही अर्ध्या भाकरीवर उठायचात, कारण वीज कधी येईल याचा नेम नसे आणि ती आली की बटण दाबायला विहिरीवर कोणीतरी लागे. त्यानंतर वर्षभरात आपल्या शिवारात ऑटो नाही असा स्टार्टर राहिला नाही. सगळे तुमच्याकडे बघायला आले होते.

त्यातला दोष मला कॉलेजात कळला. मोटार उठताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. एकेक उठली तर लाइन सहन करते. सगळ्या एकाच क्षणी उठल्या तर नाही. रात्रीच्या विजेलाही हेच व्हायचं. डीपीतला ट्रान्सफॉर्मर जळायचा, केळीला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, आणि आपण म्हणायचो, डीपी हलकी होती. डीपी हलकी नव्हती.

त्या पहिल्या सकाळी मी सबस्टेशनमध्ये उभी होते. सोबत आमचा टेक्निशियन, धुळ्याकडचा, वयाने माझ्याहून मोठा, तरी मला ताई म्हणतो. वीज सोडली. मीटरचा काटा वर गेला आणि लाइन पडली. बाहेर पार्किंगमध्ये पेढे घेऊन उभी असलेली माणसं आत डोकावली. एकजण म्हणाला, "सोलरमधी दम नाही बाप्पा. कोळशाची वीज ते कोळशाची वीज." टेक्निशियनने मागे न बघता अहिराणीत उत्तर दिलं, "सोलरमा दम शे भाऊ. तुमना बठ्ठा ऑटो एकदम उठतस, मंग काय व्हई?" लोक हसले, पण पेढे कोणी उघडले नाहीत. सबस्टेशनच्या साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आठवडाभरात लाइन स्थिर झाली नाही तर ते शिवार पुन्हा जुन्या वेळापत्रकावर टाकतील, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यांचंही बरोबर होतं. केळी कोणासाठी थांबत नाही.

जुनं वेळापत्रक म्हणजे काय, हे तुमच्यानंतर मी फोनवर ऐकत आले. ऑटो मोटार सुरू करतो, वीज येईपर्यंतचं जागरण वाचवतो, पण ठिबकचे वॉल्व्ह आपोआप फिरत नाहीत. एक भाग भिजला की माणसाने जाऊन दुसरा उघडायचा. तुम्ही गेल्यावर ते माणूस म्हणजे आई. होस्टेलवरून मी विचारायची, कुठे आहेस? ती म्हणायची, "मयात हाये. झोप तू." रात्री मळ्यात, केळीच्या बागेत, ओल असते, वाळलेली पानं असतात, त्याखाली काय आहे ते टॉर्चला दिसत नाही. मी तिला कधी काळजी वाटते असं म्हटलं नाही. बूट घातलेस का, एवढंच विचारायची. ती हो म्हणायची. बूट मी आणून दिले होते ते अजून खोक्यात आहेत, हे मला यंदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर सगळ्यांना बसवलं. मी सांगितलं की ऑटो काढायचे, मोटारी हाताने सुरू करायच्या, आणि डीपीवार पाळी लावायची: एका डीपीवरच्या उठल्या की थोड्या वेळाने दुसऱ्या. फळ्यावर आकृती काढली. आपल्या बांधाला बांध लागून असलेले काका, तुमचे पत्त्यातले भिडू, सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "इंजिनेर बाई, तुह्या मायचा ऑटो काढ पहिले. मंग आमचा काढजो." पुन्हा हशा. आई बायकांच्या बाजूला बसली होती. ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "तो नाही निघायचा." आणि घरी गेली. फळ्यावर माझी आकृती तशीच.

मला राग आला होता. तुम्हाला माहीत आहे, माझा राग दिसत नाही. घरी येऊन मी तिला करंट समजावला, तिने भाजी निवडत ऐकला. मी म्हटलं, तुझ्यामुळे सगळं शिवार अडलंय. ती म्हणाली, "अडू दे. त्या पेटीनं तुह्या बापाले झोप देली. कोनी देली नव्हती तवा." सौरऊर्जेवर मी अर्धा तास बोलू शकते. या वाक्यानंतर मी तिच्याबरोबर भाजी निवडायला बसले.

दोन दिवस तसेच गेले. लाइन रोज पडत होती. ज्यांनी स्वतःहून ऑटो काढले तेही चिडून पुन्हा लावायला लागले. पाचव्या सकाळी आई डबा घेऊन विहिरीवर आली. मी स्टार्टरपाशी नुसती उभी होते. तिने विचारलं, "हा काढला तं मोटार कोन चालू करीन?"

"तू. बटण दाबून."

"कवा?"

"साडेनऊला. आपल्या डीपीची पाळी साडेनऊची."

"उन्हात?"

"उन्हात."

तिने केळीकडे पाहिलं, मग पेटीकडे. म्हणाली, "झोपेसाठी लावेल होता तो. रात्रीचं उठनंच नाही, तं मले कायले पाह्यजे?" आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, "मेन पाडला का? नक्की?" मेन स्विच मी पाडला होता. तरी पुन्हा जाऊन पाहून आले. लहानपणी मी झाकण उघडून आत बोट घालत होते तेव्हा तुम्ही माझा हात मागे ओढून म्हणालात, "बहुतेक बंद म्हन्जे चालूच हाये." तुमचा तेवढा एकच ओरडा मला लख्ख आठवतो. माझी नोकरी त्यावर चालते म्हटलं तरी चालेल.

पेटी आईने स्वतः उतरवली, मी फक्त वायरी सोडवल्या. काका बांधावरून बघत होते. संध्याकाळपर्यंत टेक्निशियन आणि मी डीपीमागून डीपी फिरत होतो आणि लोक पाना घेऊन आमच्याआधीच स्टार्टर उघडून बसलेले होते. पाळीवरून भांडणं झाली, कोणाला पहिली पाळी हवी, कोणाला जेवणानंतरची. ती भांडणं ऐकून मला बरं वाटलं, कारण भांडण आता वेळेचं होतं, विजेचं नव्हतं. दुसऱ्या सकाळी वीज सोडली. काटा थोडा वर गेला, थांबला, मग आणखी थोडा, मग थांबला. जिने चढल्यासारखा. टेक्निशियन म्हणाला, "ताई, आते श्वास ल्या." मी घेतला.

उद्घाटनाला पाहुणे आले तेव्हा एकाने मला सुचवलं, तुमच्या वडिलांचं बोला, रात्री पाणी द्यायला गेले आणि परत आले नाहीत, लोकांना भिडेल. मी सांगितलं, वडील जळगावच्या दवाखान्यात वारले, हृदयाने, दुपारी. ते थोडे नाराज झाले. गावातही काहींना तसंच वाटतं, मी दरवेळी दुरुस्त करते. तुम्हाला विजेने मारलं नाही. तुमची झोप तिने खाल्ली, एवढं मात्र खरं, आणि त्याचा तुमच्या हृदयाशी संबंध होता की नाही हे मी सिद्ध करू शकत नाही. म्हणून भाषणात फक्त पाळीचं वेळापत्रक वाचून दाखवलं.

आमच्या कामात सगळे वेगाबद्दल बोलतात. किती लवकर किती केंद्रं, कोळसा किती लवकर कमी. वेग हवाच, मी त्यासाठीच राबते. गायरानावरचे पॅनल आम्ही एका हंगामात उभे केले. पण ते चालू झाले तरी सगळं शिवार त्या पाच दिवसांत जुन्या रात्रीच्या सवयीने वागत होतं, आणि सवयीला कारण होतं. आता पुढच्या गावात आम्ही पॅनलच्या आधी देवळासमोर बसतो. भडगावकडे तसंच केलं, पहिल्याच दिवशी लाइन टिकली. भुसावळकडच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या अजून धूर सोडतात, घरी जाताना दिसतात. एका शिवाराने त्या बंद होत नाहीत. पण एक शिवार त्यांच्यावर नाही.

मागच्या शनिवारी मी घरी होते. आईने जेवण केलं, भांडी विसळली, खाटेवर बसून भाचीच्या लग्नाचं सांगायला लागली आणि वाक्य अर्धं सोडून झोपली. साडेआठ वाजले असतील. टीव्ही चालू होता. मी आवाज कमी केला आणि तिथेच बसून राहिले. ती घोरते, हे मला माहीत नव्हतं. त्या पेटीत ती आता ठिबकची बुचं ठेवते.

मुलाखतीत मला विचारलं होतं, या क्षेत्रात का यायचंय. मी हवामानाबद्दल बोलले, आणि ते खोटं नव्हतं. पण पहिलं कारण ते नव्हतं. पहिलं कारण रात्री फोनवर ऐकलेलं ते "मयात हाये" होतं; ते मी कोणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

आता कामाचं. तुम्ही गेल्यापासून आई एकही रात्र गावाबाहेर राहिलेली नाही. पाण्याची पाळी असायची. मी तिला म्हटलं, चार दिवस धुळ्याला माझ्याकडे ये, वॉल्व्ह काका फिरवतील, दिवसाच तर फिरवायचे आहेत. तिने नाही म्हटलं नाही. ती म्हणाली, "तुह्या बापाले इचार."

म्हणून विचारते आहे. हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळतं. रविवारी सकाळी मी तिला घ्यायला येणार आहे. तरी कृपया शनिवारपर्यंत कळवावे. उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असे समजण्यात येईल.