माडीखालची जमीन

फैजपूर,
१२ नोव्हेंबर १९९६

चि. लीलाधर यास आबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक, तुम्हा उभयतांची खुशाली कळवावी.

केळीची कापणी चालू आहे आणि ट्रक वेळेवर लागत नाहीत, हे दरवर्षीचेच. लिहिण्याचे कारण वेगळे. घरावर माडी चढवावी असे मनात आहे. पुढेमागे तू व सूनबाई देहरादून सोडून इकडे राहायला याल, तर वर तुमची स्वतंत्र खोली असावी. तुझी आई म्हणते, आधी त्याला विचारा. यात विचारण्यासारखे काय आहे, ते मला कळत नाही.

मागच्या भिंतीला चीर गेली आहे. मिस्त्री म्हणतो, गिलाव्याची आहे. मागे तू म्हणाला होतास की उपग्रहावरून जमीन वरखाली झालेली कळते. तर एकदा आपल्या घराखाली बघून कळव. तुझी बहीण मंदा धुळ्याहून लिहिते की सरकारी यंत्राला घरचे काम सांगणारे आबा जिल्ह्यात एकटेच. तिचे बोलणे तू जाणतोसच.

आशीर्वाद आहेतच.
झुलाल

देहरादून,
१० डिसेंबर १९९६

ती. आबांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

तापीकाठच्या पट्ट्याची चित्रे ऑफिसच्या कामासाठी आलेलीच होती, त्यामुळे मंदाताईने काळजी करू नये. उपग्रह रडारचा किरण खाली सोडतो आणि परत आलेला मोजतो. काही महिन्यांनी तिथूनच पुन्हा तेच. दोन मोजण्यांत फरक पडला की जमीन हलली असे समजायचे. १९९२ पासूनची चित्रे मी संगणकावर एकामागून एक फिरवून पाहिली. निळे ते स्थिर, तांबडे ते खाली गेलेले, पिवळे ते वर आलेले. केळीची पाने सारखी हलतात म्हणून बागांचा नुसता चिवडा दिसतो. घरे आणि खडक तेवढे नीट उमटतात.

एक जागा मात्र आधी स्थिर धरावी लागते आणि बाकी सर्व तिच्यापासून मोजायचे असते. आपल्या गोठ्याच्या पत्र्यावरून किरण चांगला परततो, म्हणून मी आपले घरच धरले. तुम्ही बसलेले घर हलणार तरी कसे? सारी आळी निळी आहे. सातपुड्याचा पायथा दर चित्रात पिवळा होत जातो, त्याचे काय ते सवडीने पाहीन. माडीला हरकत दिसत नाही.

आईस नमस्कार. कृपा असू द्यावी.
लीलाधर

फैजपूर,
४ जानेवारी १९९७

चि. लीलाधर यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र शेजारच्या भाईदासला वाचून दाखवले. त्याला निम्मे कळले, पण मान त्याने पूर्ण हलवली. मिस्त्रीला सांगून टाकले. स्लॅब फेब्रुवारीत पडेल. खिडकी उत्तरेला ठेवतो आहे, तिथे तुझे टेबल बसेल. तुझी आई विचारते, सूनबाई कपडे कुठे वाळत घालणार. म्हणजे तीही आता मनाने वर चढली.

सुखी असा.
झुलाल

देहरादून,
२० जानेवारी १९९७

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

काम थांबवा. माझी चूक झाली आहे. सातपुड्याचा काळा पाषाण चार वर्षांत असा वर येत नसतो, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते. त्याला स्थिर धरून पुन्हा हिशेब केला. डोंगर निळा झाला आणि आपली आळी तांबडी. जिथे ट्यूबवेल दाट, तिथे तांबडे जास्त. दर उन्हाळ्यात जमीन खाली बसते आणि पावसाळ्यानंतर पुरती वर येत नाही. पाणी उपसले की खालची चिकणमाती दबते. घर मागच्या बाजूने जास्त खचते आहे. चीर गिलाव्याची नाही. वर स्लॅबचे ओझे घालू नका. मला भीती वाटते.

आपला,
लीलाधर

फैजपूर,
३० जानेवारी १९९७

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

डिसेंबरात घर स्थिर आणि डोंगर वर. जानेवारीत डोंगर स्थिर आणि घर खाली. मी अडाणी असेन, पण इतका नाही. तुला यायचे नसेल तर तसे सरळ लिहावे. धरणीमातेवर ढकलू नये. सेंट्रिंग लागले आहे. स्लॅब पंधरवड्यात पडेल.

झुलाल

देहरादून,
७ फेब्रुवारी १९९७

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

सरळ लिहितो. मला यायचे नव्हते. नोकरी इथे आहे, हिचे माहेर इथे आहे. तुम्ही माडी बांधली असती, आम्ही आखाजीच्या सणाला चार दिवस येऊन राहिलो असतो, आणि तुमच्याजवळ हा विषय मी कधीच काढला नसता. मला त्याची लाज वाटते.

पण घर खचते आहे, हेही तितकेच खरे आहे. पहिली गोष्ट तुम्ही ओळखलीत म्हणून दुसरी खोटी ठरवू नका. त्या घरात रात्री तुम्ही आणि आई झोपता. माझ्यावर रागवा, बोलू नका, पण स्लॅब टाकू नका.

आपला,
लीलाधर

फैजपूर,
१८ फेब्रुवारी १९९७

चि. लीलाधर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र स्लॅबच्या आदल्या दिवशी मिळाले. दोनदा वाचले. मग मळ्यात जाऊन आलो. ट्यूबवेलचा पाइप सिमेंटच्या ओट्यातून चांगला वीतभर बाहेर आला आहे. आम्ही इतके दिवस म्हणत होतो की पाइप वर सरकला. पाणी काही बंद करता येणार नाही, केळी उभी आहे. पण आम्ही पुढच्या खोलीत झोपू लागलो आहोत.

सेंट्रिंग काढायला लावले. मिस्त्री रागावला. भाईदास आणि इतर चारजण विचारतात की माडीचे काय झाले. मी जमिनीचे कारण सांगतो. तेही खोटे नाही.

तुझ्या आईने सूनबाईला आशीर्वाद सांगितले आहेत. पत्र पाठवत जा.
झुलाल