उतारावरचे पॉप्लर

१४ मार्च २०२१
डोंगरावरून चिखल आला आणि अंगणातला तंदूर घेऊन गेला. बुरुलकान म्हणाली, अहो, नवा बांधतेय. हाही गेला तर मी माहेरी, आणि परत येणार नाही. बायको असं दरवर्षी म्हणते. पण या वेळी बोचकं खरंच बांधून ठेवलंय.
गावसमितीनं उतारावर झाडं कोणती लावायची ते माझ्यावर सोपवलं. माणूस योग्य निवडला.

१६ मार्च
पिस्ता? फार सावकाश. अक्रोड? त्याला खोल माती लागते. बदाम? शेजारचा मामातकुल बदामच म्हणतो, म्हणजे बाद.

१७ मार्च, पहाटे
झोप नाही. पण ठरलं. पॉप्लर! आमच्याकडे मुलगा झाला की बाप पॉप्लर लावतो, लग्नापर्यंत घराच्या तुळया तयार. आमच्या एर्बोलला मिसरूड फुटलं, मी अजून एकही लावलेला नाही. आता उतारही वाचेल, तुळयाही होतील.
मामातकुल म्हणाला, अरे बाबा, पॉप्लर पाटाकाठी लावतात. टेकडीवर पाणी काय तुझा आजा घालणार? माझ्यावर जळतो मेला.

२ एप्रिल
लावले. ओळी सरळ. फोटो काढले. पाणी गाढवावरून, रोज.

५ एप्रिल
गाढव चढत नाही. सोमवारपासून नक्की.

११ एप्रिल
मामातकुलच्या मेंढ्यांनी शेंडे खाल्ले. बुरुलकान आणि तिची जाऊ नदीकाठची नारिंगी बोरांची काटेरी झुडपं मुळासकट आणून खालच्या अंगाला आडवं कुंपण घालताहेत. मी परवानगी दिली. तात्पुरती. पॉप्लर वाढले की उपटायचं.

९ जुलै
पानं पिवळी. यंदा पानगळ लवकर दिसतेय.

१९ एप्रिल २०२३
मधे कामाच्या व्यापात रोजनिशी राहिली.
काल रात्री धो धो पाऊस. चिखल सुटला. मी अंगणात नुसता येरझारा घालत होतो, फार भीती वाटली. तंदुराची नाही, बोचक्याची. सकाळी पाहिलं तर सगळा चिखल कुंपणाशी अडलेला. झुडपं दाट फुटून आडवी पसरलीत. समिती वाहवा करत होती. मी स्पष्ट सांगितलं, ते कुंपण आहे, झाडं वर आहेत. सगळ्यांनी वर पाहिलं. मग पुन्हा खाली कुंपणाकडेच वळले.

२१ एप्रिल
पलीकडच्या उताराची झाडं आता बुरुलकान ठरवणार. तिनं बोचकं सोडलं. मला मदतीला घेतलंय.
आज तंदूर पेटला. सरपण माझ्या पॉप्लरांचं. नान छान भाजले. लाकूड चांगलं वाळलंय, असं ती स्वतःहून म्हणाली.