सहा नंबरच्या खोलीला कुलूप

मंगळवार, १२ ऑगस्ट
कारखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय टिल्लू,

तुला, वहिनीला आणि दोन्ही पोरींना आशीर्वाद. सगळे बरे असाल असं धरून चालते. इकडे ह्यांचा खोकला कमी आहे. थोरलीला नोकरी लागली. धाकटी अजून आरशाला चिकटलेली असते. छताची गळती एकदाची थांबली. झाली खुशाली सांगून.

कागद बघून हसू नकोस. गणवेशाचे पॅटर्न काढायचा कागद आहे हा. घरी लिहायला बसले असते तर "कुणाला एवढं लिहितेस" इथपासून चौकशी सुरू झाली असती, म्हणून कटिंगच्या टेबलावर बसून लिहिते आहे.

मागच्या गुरुवारी मी तुला फोन केला. आमच्या दवाखान्यातली सहा नंबरची खोली बंद केली, बायकांचे हाल होतायत, एवढंच सांगत होते. तू काय म्हणालास? "ताई, भावनेच्या भरात बोलू नकोस. आकडे बघ. आठवड्याला सरासरी तीन पेशंट. तीन जणांसाठी एक समुपदेशक बसवून ठेवता येत नाही. फोनची सोय केली आहे ना." आणि वर "मीटिंग आहे" म्हणून फोन ठेवलास. टिल्लू, मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. तुझं नाक मी पुसलंय. तू आरोग्य खात्याचा उपसंचालक असशील तिकडे. माझा फोन मध्येच ठेवायचा नाही.

तो आदेश मी दारावर चिकटवलेला वाचला. "अत्यल्प उपस्थितीमुळे". खाली तुझी सही. औषधाच्या रांगेत उभी असलेली एक म्हातारी मला म्हणाली, "काय गं, कुणी मेलं का?" माझा चेहरा तसा झाला होता म्हणे.

उपस्थिती अत्यल्प का, ते सांगते. ज्या वहीत नाव लिहायचं ती वही औषधाच्या खिडकीत दोरीने बांधलेली असते. मागे रांग, शेजारी रांग. नाव, वय, पत्ता आणि "कशासाठी" असा एक रकाना. त्या रकान्यात भर गर्दीत काय लिहायचं? मला रडू थांबत नाही, असं? शेजारीण खांद्यावरून वाचते आहे आणि तिची जाऊ माझ्या नणंदेच्या गल्लीत राहते. बायका लिहायच्या अंगदुखी, पित्त, चक्कर, आणि कंपाउंडर खालच्या मानेने खूण करायचा, सहा नंबर. जाणाऱ्या वीस, वहीत तीन. ती वही तुझ्याकडे गेली आणि तू बेरीज केलीस. ह्या वहीला दोरी का बांधली आहे, हे एकदा तरी येऊन बघायचं होतंस.

मी स्वतः "गुडघेदुखी" लिहायचे. दोन वर्षं.

आता वाचलंस ना? मग वाचलंस. आई गेल्यावर चार महिन्यांनी एका सकाळी मी इथेच, ह्याच टेबलापाशी, कटिंग मशीन चालू करून नुसती उभी राहिले. कापडाचे चाळीस थर, समोर खुणा केलेल्या, आणि पुढे सरकायचं कसं तेच समजेना. मशीन घरघरतंय, मी उभी. आमच्या कटिंगच्या मास्तरांनी मागून येऊन स्विच बंद केला. ओरडले नाहीत, हे विशेष. म्हणाले, "बाई, दवाखान्यात सहा नंबरला जाऊन या. माझी बायको जाते." मी त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेले.

ती खोली म्हणजे काही महाल नव्हता. एक्स-रेची खोली आणि सामानाची खोली ह्यांच्यामधली. दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट, नीट न लागणारी खिडकी. पण दाराला आतून कडी होती. माझ्या घरात आतून कडी फक्त मोरीला आहे. आणि तिथे बसायच्या त्या बाई आमच्यातल्याच. स्टँडमागे राहतात, त्यांची आई एकेकाळी आमच्याच कारखान्यात इस्त्रीला होती. त्यांना आमचा भोंगा किती वाजता होतो ते ठाऊक, म्हणून एक वाजून दहाची वेळ द्यायच्या. "डोकं जड झालंय" म्हटलं की गोळी पुढे सरकवायच्या नाहीत. म्हणायच्या, "कधीपासून? आणि घरात कुणाला सांगितलंत?" मी पहिल्या दिवशी वीस मिनिटं गुडघ्याबद्दलच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. एकविसाव्या मिनिटाला मी अशी रडले की पदर पुरेना.

म्हणजे तुझ्या त्या तीन पेशंटांत मी नव्हतेच. मी माझं नाव लपवलं आणि तू ते शून्य धरलंस. हा राग माझ्यावरही आहे, पण तुझ्यावर जास्त. मला लाज वाटत होती. तुला फक्त घाई होती.

(भोंगा झाला. उरलेलं उद्या.)

बुधवार

काल मूळ गोष्ट टाळली. आज सरळ लिहिते.

आमच्याकडे काज-बटणाच्या मशीनवर एक मुलगी आहे. चोवीस वर्षांची. सगळे तिला काजवाली म्हणतात, ती पण ओ देते. हे तिला विचारून लिहिते आहे. तिला सात महिन्यांचं बाळ आहे. एप्रिलमध्ये एकदा पाणी प्यायला आली आणि मला म्हणाली, "मावशी, बाळ झोपलेलं असतं तरी मला रडू ऐकू येतं." मी तिला सहा नंबरला घेऊन गेले. तिने वहीत "पाठदुखी" लिहिलं. चार वेळा गेली. चौथ्यांदा बाहेर आली तेव्हा वाटेत तिने केळी घेतली, स्वतःसाठी, आणि खात खात आली. तुला ह्यात काय मोठं वाटणार? मला वाटलं. दोन महिन्यांत त्या पोरीने स्वतःहून काही खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं.

पाचव्या वेळी कुलूप. बाईंची बदली नव्वद किलोमीटरवर. दोन बस, जायला तीन तास, यायला तीन तास, बाळ अंगावर पिणारं. एकदा गेली. तिथे रांगेत दोन तास उभी राहिली. बाई सुट्टीवर होत्या आणि दुसऱ्या साहेबांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. परत आली ती ताप घेऊन.

मग तुमची ती फोनची सोय. आधी दहा मिनिटं पेटीची धून. मग कुणी मुलगी, कागद वाचत असल्यासारखी, "एक ते दहामध्ये तुमचं दुःख किती?" काजवाली एका खोलीच्या घरात राहते, टिल्लू. त्याच खोलीत सासू, नवरा, दीर, बाळ. सासू विचारते, "कोण गं?" ही म्हणते, "राँग नंबर." तिकडून परत, "एक ते दहा?" तिने फोन ठेवला. तुझ्या कागदावर तो एक कॉल "पूर्ण" म्हणून चढला असेल.

जुलैत एकदा बोलता बोलता म्हणाली, "मला बाळाची भीती नाही वाटत मावशी. माझीच वाटते." मी मास्तरांना सांगितलं, तिच्या नवऱ्याला सांगितलं. नवरा चांगला आहे, पण गोंधळलेला. म्हणाला, "ती आराम करेल की बरी होईल ना?" मी तुला दोन चिठ्ठ्या पाठवल्या. तुझ्या ऑफिसचं छापील उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

एकवीस जुलैला दुपारी ती मशीनवरून उठून गेली. मशीन चालूच. शेजारणीला वाटलं, बाळाला पाजायला गेली. मी घरी माणूस पाठवला, घरी नाही. सगळे बाजारात, स्टँडवर शोधायला धावले. मी कुणाला न सांगता सरळ कालव्याच्या पायऱ्यांकडे गेले.

ती तिथे होती. तिसऱ्या पायरीवर. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलावं ते मला ठाऊक नव्हतं, पण बाई माझ्याशी कशा बोलायच्या ते ठाऊक होतं. मी विचारलं, "कधीपासून बसलीस?" ती म्हणाली, "भोंग्यापासून." मी म्हटलं, "मरावंसं वाटतंय का?" असं सरळ विचारायचं असतं, बाईंनी मला सरळच विचारलं होतं. ती हो म्हणाली. आणि मग बोलायला लागली. दोन तास बोलली. ऊन माझ्या डोक्यावरून पाठीवर आलं. मी तिचा हात सोडला नाही आणि सल्लाही दिला नाही. मग दोघी उठून घरी आलो. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून एकमेकींना धरून.

मी बाईंना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी रजा टाकून बसने आल्या. आता दर रविवारी येतात, कारखान्याच्या इस्त्रीच्या खोलीत बसतात, कुणाच्याही आदेशाशिवाय. काजवालीला त्यांनी आपल्या नव्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं, औषध नीट लावून दिलं. नवरा बरोबर जातो. परवा तिने एका शर्टाला सगळी काजं उलट्या बाजूला मारली. मास्तर ओरडले आणि ती खुदकन हसली. मास्तरांना पुढचं ओरडता येईना.

पण ही सोय नव्हे. बाई दमल्या आहेत. एका बाईच्या सुट्टीच्या दिवसावर एक गाव जगवायचं का?

सगळे मला विचारतात, ती कालव्यावर असेल हे तुला कसं सुचलं? मी म्हणते, अंदाज. तू पण विचारशील, म्हणून सांगते.

आपल्या बाबांचा पाय घसरला नव्हता.

तू अकरा वर्षांचा होतास, मी सतराची. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे, आठवतात का तुला त्यांच्या हातातले ते बारीक स्क्रू? शेवटचं वर्षभर ते काटे उघडून नुसते बसून राहायचे. गिऱ्हाईकं परत जायची. आई म्हणायची, आळस भिनलाय अंगात. आजी म्हणायची, पुरुषाने असं बसू नये. कुणीही, मीसुद्धा, त्यांना एका शब्दाने विचारलं नाही की तुम्हाला काय होतंय. विचारून तरी नेलं कुठे असतं?

त्या दिवशी जेवायला बोलावून आण म्हणून आईने मला पाठवलं. कालव्याच्या त्याच पायऱ्यांवर त्यांचे बूट होते. नीट जोडून ठेवलेले, आत मोजे. पाय घसरलेला माणूस असे बूट काढून ठेवत नाही, एवढं मला कळत होतं. मी एक बूट उचलून खाली उतारावर फेकला. दुसरा आडवा केला. मग ओरडले. लोक आले, त्यांना घसरल्यासारखंच दिसलं. कागदावर अपघात अशी नोंद झाली. आईला वाणसामानाच्या दुकानात मान वर करून उभं राहता आलं आणि तुला शाळेत कुणी काही म्हटलं नाही. तू रडत "बाबा का गेले तिकडे" विचारत होतास, तेव्हा मी तुला दोन चापट्या मारून गप्प केलं. तुझ्या प्रश्नाची मला भीती वाटली होती. त्या चापट्यांबद्दल मला माफ कर. बुटाबद्दल मी माफी मागणार नाही. सतरा वर्षांच्या पोरीला तेव्हा जे सुचलं ते तिने केलं.

छत्तीस वर्षं हे मी कुणाला बोलले नव्हते. ह्यांना नाही, आईला नाही. पहिल्यांदा बोलले ते सहा नंबरच्या खोलीत, कडी लावून. ती खोली तू बंद केलीस. तुला माहीत नव्हतं, मान्य. पण माहीत करून घेणं हीच तुझी नोकरी आहे ना रे?

सोमवारी आम्ही येतोय. पहिल्या बसने निघू, अकरापर्यंत तुझ्या ऑफिसात. चौदा जणी, काजवाली आणि तिचं बाळ धरून, आणि मास्तर, त्यांच्या बायकोला घेऊन. अर्जावर प्रत्येकीने आपलं खरं नाव आणि खरं दुखणं लिहिलं आहे. मला एकटीला आत बोलावून चहा पाजू नकोस. मी तुझी बहीण म्हणून येत नाही. सगळ्यांना एकदम आत घे, दार लाव आणि ऐक.

मी तिथे बाबांचं सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुला ते चारचौघांत पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे पत्र. वाचून झाल्यावर रडू आलं तर ऑफिसचं दार लावून रड, आणि वहिनीला सांग. मीटिंग आहे म्हणून उठून जाऊ नकोस. ह्या वेळी तुला कुणी मारणार नाही.

तुझ्यावर संतापलेली आणि तुला अजूनही एकटं न सोडणारी,
ताई