फुंकल्याशिवाय किल्ली नाही

तारीख ९, मंगळवार

धाकटीला ताईचा आशीर्वाद, आणि वर एक धपाटा, कारण मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, मग मी ओरडते आणि भिंतीपलीकडची शेजारीण आमच्या घरातलं सगळं ऐकते. म्हणून हे लिहिणं. अक्षराला हसू नकोस, चौथीच्या पुढे मला कुणी पाठवलंच नाही.

माझी भिंगरी आता एकटी गाडी चालवते. शेजारी शिकवणारा साहेब बसत नाही. एवढी लांबलचक रेल्वे, निम्मी जमिनीखालून, आणि पुढच्या काचेमागे माझी नात. मी मुद्दाम तिकीट काढून पहिल्या डब्यात जाऊन बसले. शेजारच्या बाईला म्हटलं, ही चालवतेय ना, ती माझी. तिला खरं वाटलं नाही. नाही तर नाही.

तिथले नियम फार कडक. कामावर गेल्या गेल्या एका यंत्रात फुंकायचं. दारूचा अंश नाही असं यंत्राने सांगितलं तरच गाडीची किल्ली हातात. यांच्या वेळी असलं यंत्र आपल्या दारावर लावायला हवं होतं, बिचारे कायमचे अंगणातच राहिले असते. शिवाय अधूनमधून, आधी न सांगता, लघवीही तपासतात. खोकल्याचं औषधसुद्धा डेपोच्या डॉक्टरला विचारूनच घ्यायचं. मी परवा चमचा पुढे केला तर म्हणते, "आजी, बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाच." मला कुठे एवढं बारीक दिसतंय.

आता मुख्य गोष्ट. तिच्याबरोबर एक ड्रायव्हर आहे. मी त्याला गॉगल म्हणते, कारण दिवस मावळला तरी डोळ्यांवर काळा चष्मा. मोटारसायकलवरून तिला न्यायला येतो. चेहरा गरीब, पण लक्षण मला ठीक दिसत नाही. खिशात पत्र्याची डबी आणि तिच्यात पांढऱ्या गोळ्या. येता जाता तोंडात टाकतो, हिलाही देतो. पुदिन्याच्या म्हणे. धडधाकट माणसाला पुदिना कशाला लागतो? काहीतरी झाकायलाच ना. मी दारात अगदी जवळ जाऊन त्याचा वास घेतला, तर म्हणतो, "आजी, काही हरवलंय का?" पक्का आहे.

आणि भिंगरी हल्ली दिवसा पेंगते. घास हातातच राहतो. मी तिला स्पष्ट बजावलं, त्या डबीत काय आहे कुणास ठाऊक, सांभाळून राहा.

रात्री मात्र छान झोपते हो. पूर्वी पहाटेच्या पाळीच्या धास्तीने नुसती कूस बदलायची. आता मी दिलेलं दूध प्यायली की पडल्याबरोबर घोरते. मी आपली जागी राहून ते ऐकत असते. माझी झोप तर कधीच गेली.

तू दिलेल्या झोपेच्या गोळ्या संपत आल्या. अजून एक पाकीट पाठव. मला चांगला गुण येतोय.

तुझी ताई


तारीख २१, रविवार

धाकटे,

पाकीट मिळालं. फोडलेलं नाही.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहिलं होतं, ते फाडून हे लिहितेय. गेल्या आठवड्यात भिंगरीची लघवी तपासली. यंत्रात फुंकून काही सापडलं नव्हतं, पण लघवीत झोपेच्या औषधाचा अंश निघाला. डॉक्टरला न सांगता घेतलेलं औषध, म्हणजे तिथे नशाच. तिला गाडीवरून उतरवलं. ती म्हणाली, मी काहीही घेतलेलं नाही. मग कुणी दिलं, असं विचारल्यावर तिने गॉगलच्या डबीचं सांगितलं. माझेच शब्द. त्यालाही उतरवलं.

मी लगेच म्हटलं, बघ, माझं नाक चुकत नाही. झोपेचं औषध हे शब्द ऐकूनसुद्धा म्हटलं. पण त्या दिवसापासून मी दूध साधंच देतेय. म्हणजे मला कळलं होतं ना, धाकटे.

काल तो आला. चष्मा नव्हता. डबी टेबलावर ठेवून भिंगरीला म्हणाला, "तपासली. पुदिनाच निघाला. पण जेवायच्या सुट्टीत माझ्या शेजारी आता कुणी बसत नाही." मी विचारलं, चहा टाकू का रे? "नको आजी. सध्या कुणाच्या हातचं काही घ्यायचं नाही, असं ठरवलंय." साधं बोलला तो. मला वाटलं, याला कळलंय. भिंगरीकडे बघितलं, तिलाही कळलंय असं वाटलं. शेजारीण भिंतीला कान लावून बसलीय असंही वाटलं.

तो गेल्यावर मी तिला सांगितलं. धाकटे, तू पाठवलेली गोळी अर्धी करायची, चमच्याने चुरायची आणि साखरेबरोबर दुधात. रोज. विचारलं असतं तर तिने दूध ओतून दिलं असतं, म्हणून विचारलं नाही.

मला वाटलं ओरडेल. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तपासणीच्या आधी एकदा माझी गाडी फलाटाच्या पुढे गेली, आजी. ब्रेक लावायला उशीर झाला. डोळे उघडे होते माझे. मला वाटलं, आपल्याला हे काम जमतच नाही. त्या दिवसापासून मी माझ्यावरच नजर ठेवून होते."

"कुणाला लागलं का गं?"

"नाही. पण गाडी भरलेली होती."

मी म्हटलं, सोमवारीच येते तुझ्या साहेबांकडे, सगळं सांगते. तर म्हणते, "घरच्या म्हातारीला पुढे केलं म्हणतील. गोळ्या तरी तुझ्या नावावर आहेत का?" खरंय. गोळ्या तुझ्या, डॉक्टर तुझा. मी किती शपथा घातल्या तरी त्यांचा संशय जायला तूच लागशील, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन. तुझा मुलगा तुझ्यावर चिडेल आणि डॉक्टर तुझ्या गोळ्या बंद करेल, हे मला ठाऊक आहे. तू मला मायेने दिल्यास, पुढे त्या कुणाच्या पोटात गेल्या ते तुला माहीत नव्हतं, असंच मी सांगणार. तुझं नाव मात्र सांगणार.

पत्र मिळालंच नाही असं म्हणशील, म्हणून रजिस्टर करून पाठवतेय.

आज तिने आपलं दूध आपणच गरम केलं. कप पुन्हा विसळला, वास घेतला, मग प्यायली. मी बघत होते, आणि मी बघतेय हे तिला माहीत होतं.

उद्या मी जातेच आहे. चौकशी पुढच्या सोमवारी, तिची आणि त्या पोराची, दोघांची. तोवर ये. शिव्या द्यायच्या असतील तर समोर बसून दे.

वाट बघणारी, आणि तू येशीलच याची खात्री नसलेली,
तुझी ताई