सोल्डरिंग स्टेशन आणि वंदनाताईंचा स्थिर हात

लातूर, ९ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी माझा अपमान झाला, तोही माझ्याच घरात.

यांचं सोल्डरिंग स्टेशन, म्हणजे तारांना डाग द्यायचं यंत्र, चार दिवस बिघडलंय. तापमानाचा आकडा साडेतीनशेवर चढतो आणि हातात धरायची मूठ जरा हलवली की धाडकन खाली येतो. सकाळीच मी म्हटलं, "मुठीपाशी वायर आतून तुटली असणार." तर म्हणे, "तुला काय कळतं त्यातलं?" लग्न झाल्यापासून यांच्या प्रत्येक दुरुस्तीला टॉर्च मीच धरत आले. मला कळणार नाही?

संध्याकाळी शेजारच्या वंदनाताई विरजण मागायला आल्या आणि टॉर्च धरून उभ्याच राहिल्या. माझी टॉर्च, माझी जागा! "भाऊ, वायर मुठीपाशीच तुटून राहिली की हो!"

झालं. हे खूश. "वा ताई, काय नजर हाय तुमची! अन् हात बघा, जरा हलत न्हाई. हिचा लई थरथरतो."

थरथरतो? नांदेडच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेला हात आहे हा. या पानावरची एक तरी रेघ हललीय का? बरं, संध्याकाळी थोडा थरथरत असेलही. पण ते तिच्यासमोर सांगायचं? आणि विरजण न नेताच गेली बाई, म्हणजे परत येणार.

तोंडी विचारलं की हे म्हणणार, "मी असं म्हणलोच न्हाई." म्हणून हे पान फाडून यांच्या चष्म्याखाली ठेवते. नवी वायर जोडताना टॉर्च कोण धरणार? उद्या सकाळच्या चहाआधी लेखी उत्तर हवं, सहीसकट.