तीन कड्यांचं दार

बिस्मिल्लाह. मी, शाझली वल्द सालेह इस्तंबुली, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा लाल लोकरी टोप्या करण्याचा, राहणार जुनं शहर, बाब जदीद वेशीच्या आतली गल्ली, ट्यूनिस, हे मृत्युपत्र दोन नोटरींना घरी बोलावून तोंडी सांगत आहे. डोकं ठिकाणावर आहे. ते कायम ठिकाणावरच होतं, फारसं चालवलं मात्र नाही. दडपण कुणाचंही नाही. मला दडपून हाती लागेल असं काही उरलेलंही नाही.

कलम १. घर कायद्याप्रमाणे मुलगा नजीब, राहणार मार्सेय, आणि मुलगी हयात, राहणार स्फाक्स, यांचं. नजीबला इथे हॉटेल काढायचं आहे. पाहुण्यांना सांगायला त्याच्या उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो की अंगणातले दोन खांब कार्थेजचे आहेत. शेजारचं शहर पडलं, त्याचे दगड उचलून आम्ही आपलं उभं केलं आणि खानदानी झालो. "आम्ही स्पेनमधल्या अंदालुसियाहून आलेले," असं माझे वडील छाती फुगवून सांगायचे. आडनाव इस्तंबुली! पण कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याचेही खांब कार्थेजचेच होते.

कलम २. लाकडी साचे आणि टोपीची लव उठवायची सुकी काटेरी बोंडं समोरच्या दुकानातल्या टोपीवाल्या सी तय्यबला द्यावीत. तो जन्मभर म्हणत आला, "शाझली, तुझी टोपी डोक्यावर बसत नाही रे, रुसून बसते." खरं होतं. इथल्या राजाचं, बेचं, राज्य गेलं, फ्रेंच गेले, टोप्या घालणारी डोकीही गेली. मी आपला "फॅशन परत येते" म्हणत गठ्ठे रचत राहिलो. ते सगळे गठ्ठेही तय्यबलाच. याला सूड समजावं.

कलम ३. कायद्याने मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत मला हवं त्याला देता येतं. त्यातून मी माझ्या घराचं दार, चौकटीसह, शेजारीण सल्लूहा, जिला गल्ली मानाने लल्ला म्हणते, हिला देतो. उद्या नजीबने कुलूप लावलं, तर ते तिच्याच दाराला लागेल आणि त्याला तिला विचारावं लागेल.

या शहराचा इतिहास कळायला हे दार पुरे आहे. खिळे तुर्कांच्या अमलातले, नंबराची पाटी फ्रेंचांची, कुलूप एका सिसिलीवाल्या लोहाराचं, विजेची घंटा प्रजासत्ताकाची. घंटा तेवढी बंद आहे. शिवाय वाजवायची तीन कडी आहेत: मोठं पुरुषांचं, बारीक आवाजाचं बायकांचं, खाली मुलांचं. बायकांचं कडं वाजलं की घरातल्या बाईने उघडायचं, ही रीत. माझी बायको मुंजिया वारल्यापासून घरात बाई नाही. सल्लूहा, तीही विधवाच, वाडगा घेऊन येते, बायकांचं कडं वाजवते आणि मी दाराआड खांबासारखा उभा राहतो.

"सी शाझली, आत आहात ना? आत्ताच खोकलात."

"घरात कुणी बाई नाही, लल्ला."

"ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. उघडा."

"मोठं कडं वाजवा, उघडतो."

"का? मला मिश्या फुटल्यात? सूप निवतंय!"

मग वाडगा उंबऱ्यावर ठेवून ती जाते. मी तो धुऊन तिच्या उंबऱ्यावर ठेवतो. रिकामा वाडगा परत करायचा नसतो, म्हणून त्यात अंजीर, कधी बदाम. एकदा घरात काहीच नव्हतं, तर टोपी ठेवली. ती तिने चहाच्या किटलीवर चढवली आहे. माझ्या हातची नीट बसलेली ती एकच टोपी. ते कडं वाजलं नाही तर मला त्या दिवशी घास उतरत नाही. सी हम्मादी, हे लिहा, गाळू नका.

नोटरी सी हम्मादी यांनी लेखणी खाली ठेवली. "बाबा, मेल्यावर दार दिलंत, छान. जिवंतपणी ते उघडणार कोण?"

"रीत आहे हो."

"कुणाची? अंदालुसियाची की इस्तंबूलची?"

 पुढचं कलम घ्या.

कलम ४. मला जल्लाझच्या कब्रस्तानात मुंजियाशेजारी ठेवावं. जनाज्यावर टोपी ठेवलीच तर तय्यबच्या हातची ठेवावी. शेवटचा प्रवास आहे, वाटेत घसरायला नको. तसंच

नोटरींची नोंद: इथे बायकांचं कडं वाजलं. बाहेरून आवाज आला, "सी शाझली, आज खजुराचे मक्रूद केलेत. मधातले आहेत, उंबऱ्यावर ठेवले तर मुंग्या लागतील." सांगणारे काही वेळ बसून राहिले, मग उठले. दार उघडल्याचं आम्ही दोघांनी ऐकलं.  नंतर ते दोघे आत आले. आम्ही लल्ला सल्लूहा यांना कलम ३ वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दार घेऊन काय करू? मला आत यायचं होतं."

कलम ४ अपुरं राहिलं. पुढे काय सांगायचं होतं ते सांगणाऱ्यांना आठवलं नाही.

सही: शाझली इस्तंबुली
(सहीवर मधाचं बोट उमटलं आहे. खाडाखोड समजू नये.)

साक्षीदार नोटरी: हम्मादी गर्बाल, रिदा म्हीरी

ट्यूनिस, १४ मार्च २०१७