सतरावा चॅनल

२६ जुलै १९९८, रविवार. निलंगा

दहाला उज्वलाचा लातूरहून फोन. जेवलीस का विचारलं, तर म्हणाली, "अप्पा, मला न्हाई जमत हे मेडिकलचं. क्लासमधी सगळ्यात मागं मी हाय. घरी येऊ का?" मी चिडलो. शिकायला पाठवलंय, रडायला नाही, म्हणालो.

ती शांतपणे म्हणाली, "आई गेली तवाबी तुम्ही मशीनपाशीच व्हता. पुढच्या रविवारी करते. हाव म्हणलात तर सामान घेऊन येते."

तिने फोन ठेवला.

२७ जुलै

मक्सची, म्हणजे एका तारेवर अनेक फोन चालवणाऱ्या मशीनची, टेस्टिंग. लातूरच्या एक्स्चेंजमधून जलीलभाई एकेका चॅनलवर टोन सोडणार, मी इथे लूपची दोरी लावून तो तसाच परत पाठवणार. आमचं बोलणं वेगळ्या सर्व्हिस फोनवर. सतरावा शेवटी ठेवला, कारण स्टेशनच्या खोलीतला फोन, उज्वला करते तो, त्यावर आहे. "ओके!" म्हणाले. रजिस्टर भरलं, घरी आलो.

डोकं ठिकाणावर नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी लातूरला लोकांचे ट्रंक कॉल जोडत बसलो. आमच्या गावाचाच लागत नव्हता. बारा वर्षांची पोर आईच्या मढ्यापाशी एकटी बसून होती. खरंच बोलली ती.

२ ऑगस्ट, रविवार

ये म्हणणार होतो. नऊपासून फोनसमोर बसलो. आला नाही.

५ ऑगस्ट

केसाएवढ्या काचेच्या तारेतून चारशे ऐंशी माणसं एकदम बोलतात, ती या मक्समुळे. सांभाळणारा मी. आज दिवसभरात चहावाल्याशी तेवढा बोललो — "साखर कमी."

९ ऑगस्ट, रविवार

आजही नाही. रिसीव्हर उचलून बघावा वाटलं. पण नेमका तेव्हाच तिने लावला तर एंगेज लागेल! हात मागे घेतला. मक्सचे दिवे सगळे हिरवे.

११ ऑगस्ट

लातूरला जावं का? जोडीचा शेषेराव रजेवर, स्टेशन सोडता येत नाही. हे कारण खरं आहे. तिने तोंड फिरवलं तर काय करू, ही भीतीही खरी आहे.

१६ ऑगस्ट, रविवार

नाही. रागावली तर रागावू दे, असं म्हणून बघितलं. जेवण गेलं नाही.

२३ ऑगस्ट, रविवार, सकाळी

आठला सर्व्हिस फोन वाजला. जलीलभाई. "मियाँ, तुमचा सतरावा कवाबी बघा, बिझीच. रिसीव्हर बाजूला ठेवून राहिले का काय?"

उठून गेलो. सतराव्यावर लूपची दोरी तशीच लटकलेली. माझ्याच हातची. लातूरकडून येईल ते चार आठवडे तिथूनच परत जात होतं, तिकडे लाइन बिझी लागत होती, आणि मी हिरव्या दिव्यांवर विसंबून बसलो होतो. फोन उचलून बघितला असता तर मुका लागला असता, पहिल्याच रविवारी कळलं असतं.

दोरी काढली. फोन उचलला. टोन आला. पटकन खाली ठेवला.

दुपारी

दहा वाजून पाच मिनिटांनी आला. म्हणाली, "तीन रविवार एंगेज. मला वाटलं, लोकांचे जोडून देऊन राहिले असाल, तवासारखं."

दोरी मीच विसरलो, म्हणालो. तू ये.

मग म्हणाली, "सामान पहिल्या रविवारपासून बांधूनच हाय."